दैवाचे फेरे आणि पाचवे कारण

इंग्रजी भाषेत ‘व्हिसिसिट्यूड’ असा एक शब्द आहे. तो बहुधा अनेकवचनी येतो, आणि जीवनाचे, राज्याचे किंवा संपत्तीचे अकल्पित पालट असा अर्थ दाखवितो. एखाद्या घटनेला तो सहसा लावीत नाहीत, तसेच वृक्षाच्या सावकाश वाढीलाही तो शोभत नाही. वर गेलेले खाली यावे, खालचे पुन्हा वर जावे, आणि हे केव्हा घडेल याचा नेम नसावा, तेथेच तो योजतात. मराठीत ‘स्थित्यंतर’ म्हटल्याने यातील एकच पालट व्यक्त होतो. ‘दैवाचे फेरे’ हा घरगुती प्रयोग अधिक जवळचा आहे.

या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘पाळी’ असा आहे. जुन्या इंग्रजीत रात्रीमागून दिवस येतो त्या नियमित क्रमालाही तो लावीत असत. पुढे नियमाचा अर्थ मागे पडला आणि अनियमाचा पुढे आला. कालिदासाने मेघदूतात मनुष्याच्या दशेला चाकाच्या धावेची उपमा दिली आहे; रोमन लोकही आपल्या भाग्यदेवतेच्या हाती चाक देत. भेद इतकाच की ती देवता लहरी होती. आपल्याकडे कारणावाचून कार्य मानीत नाहीत. मग हिंदु गृहस्थाच्या घरी या शब्दाला जागा आहे काय? सारेच कर्माचे फळ असेल, तर अकल्पित ते काय उरले?

हा प्रश्न पुस्तकी नाही. बंगळूर शहराचाच इतिहास पाहावा. शहाजी राजांनी निजामशाही तारण्यासाठी शर्थ केली. परंतु 1636 साली माहुलीस ती बुडाली आणि त्यांना आदिलशाहीची चाकरी पत्करावी लागली. दोन वर्षांनी, 1638 मध्ये, रणदुल्लाखानाच्या स्वारीत केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले गेले व ते शहाजींची जहागीर झाले. पराभवातून वैभव आले. पुढे 1648 साली जिंजीजवळ आपल्याच पक्षाच्या सरदारांनी त्यांना कैद केले. वर्षभराने ते सुटले. ज्येष्ठ पुत्र संभाजी कनकगिरीस पडला. आणि इतक्या रणांतून वाचलेला हा पुरुष 1664 साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून गेला. ‘व्हिसिसिट्यूड’चा अर्थ सांगण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु त्यांचे पुत्र एकोजी यांच्या हातून तेच शहर गेले, ती कथा निराळी आहे. एकोजींनी तंजावर घेतले आणि तेथेच राज्य थाटले. इतक्या दूरून बंगळूर सांभाळणे कठीण, म्हणून 1687 साली म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांशी तीन लक्ष रुपयांना सौदा ठरला. तो पुरा होण्याआधीच मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले, आणि अखेर त्याच्याकडून ते म्हैसूरकरांना मिळाले. आता यात दैव किती? मोगल फौज ऐन वेळी येईल हे कोणास दिसले नव्हते. शहर विकण्याचा निश्चय मात्र एकोजींचा होता. एकाच घटनेत दोन्ही धागे आहेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात याचा नेमका उलगडा आहे. कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव आहे, पण ते पाचवे आहे. पहिल्या चारांचा हिशेब न करता एकदम पाचव्यावर बोट ठेवणे हा गीतेचा मार्ग नव्हे. आणि अकल्पितपणा म्हणाल तर तो घटनेत नसून पाहणाऱ्याच्या अपुऱ्या दृष्टीत असतो. म्हणूनच कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही हा शब्द वापरता येतो, मात्र आपल्या अज्ञानाचे नाव म्हणून.

व्यवहारात नेमके उलट घडते. एका व्यापाऱ्याने ऐपतीबाहेर कर्ज काढले, हिशेब पाहिला नाही, पेढी बुडाली, तो म्हणतो, “दिवस फिरले.” शेजारच्याची वखार रात्रीत आगीने गेली, तर हाच गृहस्थ ओट्यावर बसून सांगतो, “पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय?” स्वतःसाठी दैव आणि शेजाऱ्यासाठी कर्म! शास्त्राचा याहून वाईट उपयोग क्वचितच होत असेल. शेजाऱ्याची पहिली चार कारणे आपल्याला ठाऊक नसतात, त्यांचा न्याय करण्याचा अधिकारही नसतो. तेथे दैवाचे नाव घेऊन मदतीस जावे. स्वतःच्या घरी मात्र प्रथम चोपडी उघडावी.

दुसऱ्या अध्यायात सुखदुःखांना ‘आगमापायी’ म्हटले आहे. येणे आणि जाणे, दोन्ही एकाच शब्दात आले. इंग्रजी शब्द एवढे सांगून थांबतो. गीता लागलीच ते सोसण्याची आज्ञा करते, म्हणजे फिरणाऱ्या चाकाबरोबर न फिरणाऱ्या कोणाची तरी ओळख करून देते.

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. एकोजींनी 1669 साली या देवाला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख तेथे आहे. पुढे अठरा वर्षांनी शहर भोसल्यांकडे राहिले नाही. त्यानंतर ते हैदर-टिपूकडे गेले, 1791 मध्ये कॉर्नवॉलिसने किल्ला घेतला, 1809 पासून इंग्रजांची छावणी वसली. देवळात पूजा आजही होते.