परतायची सोय

हिवाळाभर वाळवंटात तुम्ही करता तरी काय, असं कुणी विचारलं की मी ‘काही नाही’ म्हणतो. ते म्हणताना मला मनापासून बरं वाटतं. सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यांत घड्याळामागे धावण्यात गेली. आता सकाळी खुर्ची उन्हात ओढून चहा घ्यायचा, दुपारी ती सावलीत न्यायची आणि संध्याकाळी डोंगर जांभळे होताना बघत बसायचं, एवढंच काम उरलं आहे. हे सुख खरं आहे. पण ते कशाच्या जिवावर उभं आहे, हे एकदा स्वतःला नीट विचारावं असं गेले काही हिवाळे सारखं वाटतं आहे. सत्तरी ओलांडली. विचारायचं ते आताच विचारायला हवं.

थँक्सगिव्हिंग उरकलं की आम्ही दोघं मिशिगनमधलं घर बंद करतो, मोटरहोम बाहेर काढतो आणि जवळजवळ दोन हजार मैल हाकत क्वार्ट्झसाइटला पोचतो. गाव ॲरिझोनाच्या पश्चिम कडेला, कोलोरॅडो नदीपासून वीसेक मैल आत आहे. तिथली कायमची वस्ती अडीच हजारांच्याही आत. जानेवारीत मात्र नजर जाईल तिथवर पांढऱ्या गाड्यांची छपरंच दिसतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा मोठा माळ आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याने लांब मुक्कामासाठी ज्या जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांतली ही एक. ही योजना १९८३ सालची आणि हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. आम्ही येऊ लागलो तेव्हा सबंध हंगामाचा परवाना १८० डॉलरला मिळायचा. गाडीपाशी वीज नाही, नळ नाही. छपरावरच्या सोलर पॅनलवर दिवे आणि पंखा चालतो. सांडपाणी गाडीच्याच टाकीत साठवायचं आणि भरलं की डंप स्टेशनवर नेऊन सोडायचं.

पाण्याच्या बाबतीत इथे माणूस आपोआप शहाणा होतो. आमची चाळीस गॅलनची टाकी दोघांना आठवडाभर पुरते. अमेरिकेतल्या घरात एक माणूस एका दिवसात याच्या दुप्पट पाणी सहज वापरतो. इथे ताटं आधी कागदाने पुसायची, मग छोट्या टबात विसळायची. नळाला गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, ते माझी बायको एका तांब्यात धरते आणि त्याचा चहा होतो. तो तांब्या आईच्या घरातून आलेला आहे. पाणी असं जपलं की अंगात एक प्रकारचा साधेपणाचा अभिमान चढतो. आम्ही थोडक्यात राहतो, पृथ्वीवर आमचा भार कमी, असं मी मित्रांना सांगत आलो.

हिशेब मात्र तसं सांगत नाही. गाडी गॅलनला आठ मैल जाते. म्हणजे जाताना अडीचशे गॅलन पेट्रोल, येताना तेवढंच. एका गॅलनमागे नऊ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाऊन-येऊन साडेचार टनांच्या जवळपास झाला. तिकडे मिशिगनचं घर रिकामं असलं तरी नळ गोठून फुटू नयेत म्हणून थर्मोस्टॅट तेरा अंश सेल्सिअसवर लावून आम्ही येतो. माणूस नसलेलं घर चार महिने ऊब धरून बसतं. वाळवंटात दिवा मालवताना मी जे वाचवतो, ते त्या घराच्या भट्टीत केव्हाच जळून गेलेलं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी इंजिनिअर आहे, अशी गणितं मला झोपेतही करता येतात. आजवर ती शेवटपर्यंत नेली नव्हती, इतकंच.

पेट्रोलचा आणि उबेचा हिशेब निदान मांडता तरी येतो. जो मांडता येत नाही तो माझ्या मनाच्या शांततेचा आहे.

आमच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर एक बाई दरवर्षी आपली जुनी व्हॅन लावते. वयाने माझ्याएवढीच. ऑक्टोबरात ती उत्तरेला, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हरच्या खोऱ्यात शुगर बीटच्या हंगामावर जाते. बारा-बारा तासांची पाळी, बहुतेक उभ्याने, थंडीत. उन्हाळ्यात कुठल्या तरी जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर राखणदारी करते, स्वच्छतागृहं धुते. बाकी सोशल सिक्युरिटीचा चेक. तिचं घर नाही. ती व्हॅनच घर. दर दोन-तीन दिवसांनी ती स्टुलावर चढून ओल्या फडक्याने सोलर पॅनलवरची धूळ पुसते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एखादी गृहिणी देवघर पुसते तशी. धुळीने वीज कमी झाली तर तिचा फ्रिज बंद पडतो आणि त्या फ्रिजमध्ये तिचं इन्सुलिन असतं.

संध्याकाळी आम्ही एकाच शेकोटीपाशी बसतो. मोकळेपण कसं असतं यावर ती बोलते, मीही बोलतो. ती जे बोलते ते खोटं नाही. तिने ते कमावलेलं आहे, आणि तिची कीव करण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. अशाच लोकांवर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं, पुढे त्याच नावाचा सिनेमा निघाला आणि त्याला ऑस्कर मिळालं. तेव्हापासून या आयुष्याला एक तेजोवलय आलं आहे. त्या वलयाचा थोडा उजेड आपल्या अंगावर पडावा म्हणून तर मी तिच्या शेकोटीपाशी बसत नाही ना? हा प्रश्न मी टाळू शकत नाही. तिच्या आणि माझ्या मोकळेपणात एका किल्लीचं अंतर आहे आणि ती किल्ली माझ्या खिशात असते. मला कंटाळा आला, छातीत कळ आली, पॅनल बिघडले, तर मी उद्या सकाळी इंजिन चालू करीन. वाळवंट मला गोड लागतं, कारण मला तिथून निघता येतं.

हे एकदा लक्षात आलं की आजूबाजूला दुसरं काही दिसेनासं होतं. क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात हाजी अली या माणसाची समाधी आहे. दगडी पिरॅमिड आणि वर धातूचा उंट. अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर १८५६ साली हा उंटवाला समुद्रापलीकडून आला. सैन्याचा उंटांतला रस संपला, तो मात्र इथेच राहिला आणि १९०२ साली इथेच गेला. इथल्या जिभांना त्याचं नावही पेललं नाही. समाधीवर तो ‘हाय जॉली’ आहे. लोक तिथे हसून फोटो काढतात. मला तिथे फार वेळ उभं राहवत नाही.

उत्तरेला पार्करच्या बाजूला पोस्टन आहे. १९४२ साली, अमेरिका जपानशी लढत असताना, आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून या उन्हात लाकडी बराकींत आणून ठेवलं. सतरा हजारांवर माणसं, त्यांतली बरीचशी अमेरिकेतच जन्मलेली. ती जमीन कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासींच्या राखीव प्रदेशातली. त्यांच्या परिषदेने विरोध केला, तरी छावणी झालीच. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आम्ही त्याच्या आधी, मार्चच्या शेवटी निघून गेलेलो असतो. जून महिना या जमिनीवर कसा असतो, हे मला अंगाने ठाऊक नाही. तरी ‘आमचं वाळवंट’ हे शब्द माझ्या तोंडी सहज येतात.

आणि सीमा. मेडिकेअरमधून नेहमीचे दाताचे उपचार होत नाहीत, म्हणून आमच्यासारखे असंख्य म्हातारे युमाच्या बाजूने मेक्सिकोतल्या लोस अल्गोदोनेस गावी जातात. केचान आदिवासींच्या वाहनतळावर गाडी लावायची आणि पायी सीमा ओलांडायची. पलीकडे पाऊल ठेवलं की दातांचे दवाखाने, चष्म्यांची दुकानं, औषधांची दुकानं. जाताना कुणी अडवत नाही. परतताना मात्र रांग असते, जानेवारीत कधी दोन-दोन तासांची. काठ्या, वॉकर, हातात औषधांच्या पिशव्या. रांगेत लोक कुरकुरतात, मीही पाय दुखले की कुरकुरतो. खिडकीशी पोचलो की निळा पासपोर्ट पुढे करतो आणि अधिकारी मान हलवतो.

हा पासपोर्ट येण्याआधी मी मुंबईत अमेरिकन वकिलातीबाहेर पहाटेपासून उभा राहिलेला माणूस आहे. हातात प्लास्टिकची फाइल, पोटात काही नाही. त्या रांगेत माझ्या पुढच्या मुलाला नाही म्हटलं, मला हो म्हटलं. दोघांत काय फरक होता, मला आजही सांगता येत नाही. तिथून पुढचं सगळं आयुष्य त्या एका होकारावर रचलं गेलं, कष्ट माझे असले तरी. थोडं दक्षिणेला सॅन लुईसच्या नाक्यावर शेतमजूर अंधारातच रांगेला लागतात, कारण उजाडायला लेट्यूसच्या शेतात हजर व्हायचं असतं. हिवाळ्यात अमेरिका जी पालेभाजी खाते ती बहुतांश युमाच्या शिवारातली, कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर वाढलेली, याच हातांनी कापलेली. माझ्या गाडीतल्या फ्रिजमधला लेट्यूसचा गड्डाही तिथलाच. आणखी पूर्वेला, याच वाळवंटात, रात्री चालत येणारी माणसं तहानेने मरतात. टूसॉनच्या ह्यूमेन बॉर्डर्स संस्थेने त्यांच्यासाठी पाण्याची निळी पिंपं ठेवली आहेत, दुरून दिसावीत म्हणून उंच काठीवर निळं निशाण. २००० सालापासून दक्षिण ॲरिझोनात अशा हजारो मृतदेहांची नोंद झाली आहे. आमच्या तांब्यातलं पाणी आणि त्या पिंपातलं पाणी, दोन्ही एकाच वाळवंटातली. माझ्या काटकसरीला मी इतके दिवस व्रताचं मोल देत होतो.

माणसांचं झालं. जमिनीला तर कुठेच जाता येत नाही. ला पोसाचा माळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला नुसता दगडगोट्यांचा वाटतो. खाली बसून पाहिलं तर ते दगड एकमेकांत इतके घट्ट बसलेले दिसतात की जणू कुणी हाताने जडवले आहेत. वरची बाजू काळपट, तेलकट चमकीची; धुळीतल्या मँगनीज आणि लोहाचा पातळ थर तिच्यावर हजारो वर्षं चढत आला आहे. एक दगड उचलला की खाली फिकट, पिठासारखी माती. नदीपलीकडच्या ब्लाइद गावाजवळ नदीकाठच्या माणसांनी फार पूर्वी हेच काळे दगड सारून जमिनीवर प्रचंड आकृत्या काढल्या. माणसाची सर्वांत मोठी आकृती पन्नास मीटरच्या वर आहे. आता तिथे कुंपण आहे, कारण गाड्या त्या आकृत्यांवरून गेल्या होत्या. जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये रणगाड्यांच्या सरावासाठी हा सगळा टापू घेतला, १९४४ मध्ये ते शिबिर बंद झालं. रणगाड्यांचे माग आजही आहेत. ऐंशी वर्षांत इथल्या पावसाने ते पुसले नाहीत. आमची गाडी रणगाडा नाही, पण मऊ जागेतून वळवली की मागे जे दोन पट्टे उमटतात ते माझ्या नातवंडांनाही दिसतील. चांगला देखावा मिळावा म्हणून दरवर्षी नवी जागा शोधायची आम्हाला हौस होती.

माझं लहानपण महाडच्या बाजूला गेलं. दिवाळी झाली, भात कापून झाला की घाटावरून धनगर उतरायचे. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. शेतकरी त्यांची वाट बघत असत. आज माझ्या खाचरात मेंढ्या बसव, उद्या त्याच्या. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंडीखताने जमीन पोसायची आणि धनगराच्या पदरात भात पडायचा. पावसाच्या आत ते घाट चढून परत जायचे. परतायची सोय त्यांनाही होती, पण त्यांच्या मुक्कामाने जमीन कसदार व्हायची. आमच्या मुक्कामाने काय होतं? लाँड्रीवाल्याचं, प्रोपेनवाल्याचं पोट भरतं, हे मी मान्य करतो, आणि ते क्षुल्लक नाही. जमिनीला आम्ही काही देत नाही.

यंदा दोघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. मोटरहोम दरवर्षी ओढून न्यायची नाही. उन्हाळ्यात ती युमालाच भाड्याच्या जागेत ठेवायची आणि छोट्या मोटारीने जायचं-यायचं. अडीचशे गॅलनचं काम सत्तरात होतं. आधीच तुडवलेल्या जागीच गाडी उभी करायची, मग देखावा कसाही असो. घराचं पाणी मुख्य नळापासून तोडून नळ्या रिकाम्या करायच्या, म्हणजे भट्टी बंद ठेवता येईल. परवाना स्वस्तात मिळतो म्हणून जे पैसे वाचले असं मी मानत होतो, ते पिंपांच्या पाण्यासाठी द्यायचे. बायकोचं म्हणणं, शेजारणीला मदत करायची तर उघड आणि बरोबरीने करावी, तिच्या नकळत तिच्या गॅसचे पैसे भरून येऊ नये. तिचं बरोबर आहे. म्हणून मी आधी शेजारणीला विचारणार आहे की जास्तीची बॅटरी तिला चालेल का, आणि ती नको म्हणाली तर गप्प बसणार आहे.

रांगेचं काय करायचं, ते मात्र आम्हाला सुचलेलं नाही. माझ्या खालच्या दाढेचं काम अर्धं राहिलं आहे. जानेवारीत अल्गोदोनेसला जावं लागेल आणि परतताना तोच पासपोर्ट पुढे करावा लागेल.