खून कोणी केला, हे विचारण्याचा अधिकार

माणसाला खुनाच्या गोष्टीची ओढ असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९५९ साली नानावटी खटल्याच्या वेळी मुंबईत काय चालले होते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्याला अनेकदा सांगितले आहे. नौदलातील कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल रोजी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या आणि पुढे कित्येक महिने चाळीच्या गॅलरीत, लोकलच्या डब्यात दुसरा विषय उरला नाही. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा चार आण्यांचा अंक लोक दोन रुपयांना विकत घेत. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' नावाची खेळणी मिळत. जूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले. हायकोर्टाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ साली ती कायम केली आणि १९६४ साली माफी झाली. हा सगळा इतिहास लोकांना तोंडपाठ होता. परंतु एक माणूस मेला होता आणि त्याच्या नावाचा टॉवेल विकला जात होता, याचे कोणाला काही वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता तर जुन्या, गाजलेल्या खुनांचा अभ्यास करणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्था आहेत. ते जमतात, व्याख्याने करतात, नकाशे उलगडतात, घटनास्थळी फेरी काढतात. त्यांत वकील असतात, शिक्षक असतात, निवृत्त माणसे असतात. प्रश्न असा की, ज्या मृत्यूशी आपला काही संबंध नाही, त्याचा शोध छंद म्हणून घेणे योग्य आहे काय? 'त्यात काय बिघडले?' असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही आणि 'शिव शिव, कसला हा नाद!' असे म्हणूनही सुटत नाही.

आम्ही आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. खुनाची 'पोलीस केस' रुग्णालयात आली की दाराशी गर्दी जमते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: कोणी केले? आत मात्र आम्हांला दुसरेच प्रश्न असतात. याचे नाव काय? याचे माणूस कोण? कपडे, अंगठी, पैसे कोणाच्या ताब्यात द्यायचे? मृतदेह पुसायचा, हनुवटी बांधायची, चादरीत गुंडाळायचा आणि पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधायची. त्या चिठ्ठीवर मेलेल्याचे नाव असते, मारणाऱ्याचे नसते. दाराबाहेरचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आतले प्रश्न ज्याला ठाऊक नाहीत, त्याने बाहेरचा प्रश्न जपून विचारावा.

या हौसेचे एक जुने आणि मोठे उदाहरण लंडनचे आहे. १८८८ साली ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात व्हाइटचॅपल भागात व त्याच्या आसपास पाच गरीब स्त्रियांचे खून झाले. खुनी सापडला नाही. त्याला 'जॅक द रिपर' हे नाव मिळाले आणि आजवर शंभराहून अधिक माणसांवर संशय घेतला गेला आहे. आपल्या वाचकांनी यातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. रशियातील १८८१ नंतरच्या दंगलींतून जीव वाचवून आलेले गरीब यहुदी त्याच व्हाइटचॅपलमध्ये राहत होते. 'असले काम इंग्रज माणूस करणारच नाही' असे लोक म्हणू लागले, तेव्हा बोट कोणाकडे वळले हे सांगायला नको. जॉन पायझर नावाच्या यहुदी चांभाराला सप्टेंबरात पकडण्यात आले. तो निर्दोष असल्याचे सिद्ध होऊन सुटला, पण तोवर गल्लीतल्या यहुद्यांना रस्त्यावरून चालणे कठीण झाले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे गोल्स्टन स्ट्रीटमध्ये भिंतीवर यहुद्यांविषयी खडूने लिहिलेली एक ओळ सापडली. पोलीस कमिशनर सर चार्ल्स वॉरन यांनी उजाडण्याच्या सुमारास ती पुसून टाकायला लावली. दंगल होईल, अशी त्यांना भीती वाटली. पुरावा नष्ट केला म्हणून हौशी अभ्यासक आजही त्यांना दोष देतात. त्या गल्लीत राहणाऱ्या आयांनी काय म्हटले असेल, याचा विचार त्यांतील फार थोडे करतात.

तेथेच हे थांबले नाही. त्या काळातील पोलीस अधिकाऱ्यांच्या कागदांत 'कोस्मिन्स्की' असे एक आडनाव आहे. त्यावरून ॲरन कोस्मिन्स्की या पोलंडहून आलेल्या यहुदी न्हाव्याकडे बोट दाखविले जाते. हा मनुष्य १८९१ साली मनोरुग्णालयात गेला आणि १९१९ साली रुग्ण म्हणूनच वारला. त्याच्यावर कधी खटला भरला गेला नाही. २०१४ साली एका हौशी संशोधकाने एका शालीवरील डागांवरून तोच खुनी असल्याचे जाहीर केले, २०१९ साली त्यावर शास्त्रीय लेखही निघाला आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यावर कडक आक्षेप घेतले. आम्ही मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलेले आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे पलंगावर काढलेल्या, आपल्या बाजूने एक शब्द बोलू न शकणाऱ्या रोग्यावर पाच खून लादणे किती सोपे आहे, हे आम्हांला कळते. मेलेला माणूस अब्रूनुकसानीचा दावा लावीत नाही.

कोणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, आता कोणाचे काय बिघडते? त्यासाठी जपानातील कावासाकी शहराकडे पाहावे. टोकिओ आणि योकोहामा यांच्यामध्ये, तामा नदीच्या काठी वसलेले हे कारखान्यांचे शहर. २० फेब्रुवारी २०१५ रोजी या नदीच्या काठी तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा खून झाला. आठवड्याने तीन तरुणांना अटक झाली. तिघेही सतरा-अठरा वर्षांचे. जपानी कायद्याप्रमाणे अशा वयाच्या आरोपींची नावे छापता येत नव्हती. परंतु पोलिसांच्या आधीच हौशी शोधकांनी कामाला सुरुवात केली होती. नावे, फोटो, घरे फोनच्या पडद्यावर घरोघर फिरू लागली. संशयिताच्या घरासमोर उभे राहून कोणी प्रत्यक्ष चित्रण दाखविले. उचलली जीभ लावली टाळ्याला!

अशा घाईत नेम चुकला म्हणजे काय होते, हे त्याच कानागावा प्रांतात दोन वर्षांनी दिसले. जून २०१७ मध्ये तेथील महामार्गावर एका मोटारवाल्याने दुसरी गाडी भर रस्त्यात अडविली आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या धडकेत त्या गाडीतील पती-पत्नी मरण पावले. आरोपीच्या आडनावाशी साम्य असलेली एक लहान कंपनी दूर क्यूशू बेटावर होती. तिचा मालक आरोपीचा बाप आहे, असे कोणीतरी ठरवून टाकले. काहीही संबंध नसताना त्या कंपनीवर शिव्यांच्या फोनांचा इतका भडिमार झाला की काही काळ काम बंद ठेवावे लागले. हे करणाऱ्यांपैकी प्रत्येकाला आपण न्यायाची बाजू घेत आहोत, असेच वाटत होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग हे काम पोलिसांवर आणि न्यायाधीशांवर सोडावे, सामान्य माणसाने त्यात पडू नये. आम्हांला तसे म्हणता येत नाही आणि त्याचे कारणही जपाननेच दिले आहे.

३० जून १९६६ रोजी शिमिझु येथे मिसो तयार करणाऱ्या एका कंपनीच्या संचालकाच्या घरात पती, पत्नी आणि दोन मुले अशा चौघांचा खून झाला व घर पेटविण्यात आले. मिसो म्हणजे मीठ घालून आंबविलेल्या सोयाबीनचा लगदा. जपानी लोक रोज त्याचे सार करतात. त्या कारखान्यात काम करणाऱ्या हाकामादा इवाओ या तीस वर्षांच्या माजी मुष्टियोद्ध्याला ऑगस्टमध्ये अटक झाली. दिवसाला सरासरी बारा तास चौकशी करून वीसएक दिवसांत त्याच्याकडून कबुली घेण्यात आली. त्याच्या ४५ जबान्यांपैकी ४४ न्यायालयाने बाजूला ठेवल्या आणि एक धरली. चौदा महिन्यांनी मिसोच्या पिंपात रक्ताने माखलेले पाच कपडे सापडले. ते त्याचेच ठरवून १९६८ साली फाशी सुनावण्यात आली. पुढे कोर्टात त्यातील पॅन्ट त्याला घालून पाहिली, तर ती मांडीवर चढेना. तरीही १९८० साली शिक्षा कायम झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

त्याच्यामागे उभी राहिली त्याची मोठी बहीण हिदेको, आणि हळूहळू तिच्याभोवती जमलेली साधी माणसे. त्यांत मुष्टियोद्धेही होते. कावासाकीत बॉक्सिंगची तालीम चालविणारे माजी विजेते नित्ता शोसेई हे मुष्टियोद्ध्यांच्या समितीचे प्रमुख झाले. आपल्यातील एकजण फाशीच्या कोठडीत आहे, हे ते लोकांना सांगत राहिले. कोणी वकील नव्हते, कोणी पोलीस नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर हौशीच.

या हौशी मंडळींनी काय केले पाहा. त्यांनी रक्त लावलेले कपडे मिसोत घालून वर्षाहून अधिक काळ ठेवले. पिंपातून निघालेल्या कपड्यांवरील रक्त लालसर असल्याची नोंद होती. ताजे रक्त लाल असते, वाळले की तपकिरी होते आणि जुने झाले की काळपट पडते, हे प्रत्येक परिचारिकेला आणि रुग्णालयाच्या चादरी धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. मिसोतही तेच झाले. लाली उरली नाही. पुढे आसाहिकावा वैद्यकीय विद्यापीठातील तज्ज्ञांनी मीठ व आम्ल यांमुळे असे का होते, ते शास्त्राने समजावून दिले. २०१४ साली हाकामादा तुरुंगाबाहेर आले होते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, शिझुओका न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि ते कपडे तपास करणाऱ्यांनीच पिंपात टाकले होते, असे निकालात म्हटले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या कोठडीने त्यांच्या मनाचे जे केले, ते मात्र कोणत्याही निकालाने परत येण्याजोगे नव्हते.

तर मग नदीकाठची ती माणसे आणि मिसोचे पिंप घेऊन बसलेली ही माणसे यांत फरक कोणता? हेतू चांगला होता, एवढे उत्तर पुरत नाही. हेतू दोघांनाही चांगलाच वाटत होता. आम्हांला तीन फरक दिसतात. पहिला, एकाने नवे नाव संशयात ओढले, दुसऱ्याने एक नाव संशयातून सोडविले. दुसरा, एकाचे म्हणणे खोटे ठरले तर भोगणारा तिसराच होता. उलट, वर्षभर थांबून रक्त लाल राहिले असते, तर मिसोवाल्यांना स्वतःलाच ते गिळावे लागले असते. तिसरा, एकाला दोन दिवसांचीही सबुरी नव्हती आणि दुसऱ्याने चाळीस-पन्नास वर्षे दिली. औषधाची बाटली हातात घेतल्यावर आम्हांला शिकविले जाई: नाव वाच, पुन्हा वाच, रोग्याला विचार, मग दे. चूक झाली तर ती दुसऱ्याच्या अंगात जाते. माणसाचे नाव घेण्यापूर्वीही हाच नियम हवा.

एक गोष्ट राहते आणि ती अवघड आहे. हाकामादा सुटले, पण ते चौघे कोणी मारले, हे आज कोणालाच सांगता येत नाही. 'मग खरा खुनी कोण?' असे आता पुष्कळजण विचारतील आणि पुन्हा नवी नावे निघतील. येथे आपल्या तोरातील एक विधी आठवतो. अनुवादाच्या २१ व्या अध्यायात सांगितले आहे की, शेतात कोणी मारलेला सापडला आणि मारणारा कळला नाही, तर वडील मंडळींनी येऊन प्रेतापासून सभोवारच्या गावांचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी ओढ्याकाठी कालवडीचा विधी करून, हात धुऊन, हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही, असे सांगावे. त्या म्हाताऱ्यांवर खुनाचा संशय कोण घेणार? तर आपल्या गुरूंनी मिश्नात खुलासा केला की, हा वाटसरू आमच्याकडे आला असता आम्ही त्याला उपाशी पाठविले नाही, सोबतीशिवाय एकटा जाऊ दिला नाही, असा त्या बोलण्याचा अर्थ.

विचार करा, खुनी सापडत नाही तेव्हा शास्त्र तर्क लढवायला सांगत नाही. ते अंतर मोजायला सांगते. सर्वांत जवळ कोण होते, आणि त्यांनी काय केले? कावासाकीचा तो मुलगा जानेवारीपासून शाळेत येत नव्हता. त्याला मारहाण झाल्याचे त्याच्या सोबत्यांना दिसले होते. पुढे शहराच्या प्रशासनाने शाळा आणि इतर खात्यांच्या हातून काय सुटले, याची स्वतःच तपासणी केली. आणि हजारो अनोळखी माणसे तामा नदीच्या काठी फुले व बास्केटबॉल ठेवून गेली, कारण त्याला तो खेळ आवडत असे. कोणाच्या घरासमोर कॅमेरा धरण्यापेक्षा त्या फुलांत अधिक शोध होता, असे आमचे मत आहे.

म्हणून आमचे उत्तर असे की, जुन्या खुनाचा शोध घेण्याची हौस पाप नाही. परंतु तो अधिकार मिळवावा लागतो. ज्याला मेलेल्याचे नाव सांगता येते, जो जिवंताचे नाव घेण्यापूर्वी थांबतो आणि ज्याला आपले म्हणणे खोटे ठरण्याची तयारी आहे, त्याने खुशाल शोध घ्यावा. बाकीच्यांनी घरात बसून रहस्यकथा वाचाव्यात, त्यांत कोणाचे नुकसान नाही.

आपण तर देशांतर केलेली माणसे. नव्या गावात काही वाईट घडले की पहिले बोट नव्याने आलेल्याकडे वळते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी सोसलेले आहे. उद्या आपल्या इमारतीत काही घडले आणि कोणी दुसऱ्या देशाहून आलेल्या शेजाऱ्याचे नाव हळूच घेतले, तर पायझर चांभाराची आठवण ठेवावी. आणि त्याच संध्याकाळी, जिन्यात एकटे बसलेले एखादे पोर कोणाचे आहे आणि ते जेवले आहे की नाही, एवढी चौकशी मात्र जरूर करावी.