निर्माल्य आणि गांडूळ

देवास वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. त्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडावे, हा आपला जुना शिरस्ता. तेच निर्माल्य गांडुळांस घालून त्यांच्या विष्ठेचे खत करावे, असे कोणी सुचविले म्हणजे श्रद्धावान मनास धक्का बसतो. देवाच्या मस्तकावरील फूल किड्याच्या मुखी द्यावे काय, हा प्रश्न उपहासाने उडवून देण्याजोगा नाही.

प्रथम पाण्याचा विचार करू. ढिगांनी टाकलेली फुले कुजू लागली म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. जे विसर्जन जीवांच्या प्राणांवर बेतते, त्यास आदर म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

आता गांडुळाचे कार्य पाहा. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षास १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या देहांतून जाऊन वर येते, असा त्यांचा अंदाज होता. गांडुळाच्या पोटातून गेलेल्या पाल्यातील नत्र, स्फुरद व पालाश मुळांस सुलभतेने घेता येतात. माती भुसभुशीत होऊन ओल धरते. ज्या विष्ठेच्या नावाने आपण नाक मुरडतो, तिच्याच बळावर उद्याची तुळस व जास्वंद देवापुढे यावयाची आहे.

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. प्राणिमात्रास अन्नाचा वाटा द्यावा, हा त्याचा आशय. गांडुळास निर्माल्य देणे या यज्ञाच्या जवळचे खरे. परंतु यज्ञात परतफेडीची अपेक्षा नसते आणि येथे तर आपण खत घेतो. म्हणून घेणाऱ्यावर कर्तव्य येते. गांडूळ त्वचेने श्वास घेते. ऊन, कोरडेपणा आणि ताज्या शेणाची उष्णता त्यास मारक ठरते. यास्तव हारांतील दोरे, जरी, प्लॅस्टिक, कापूर व तेलवाती आधी निवडून काढाव्या, फुले काही दिवस अर्धवट कुजू द्यावी, पेटी सावलीत ठेवावी व ओल राखावी.

ही काळजी न घेता केवळ खताच्या लोभाने गांडुळे पाळणे म्हणजे मुक्या जीवांस वेठीस धरणे होय. ती घेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी मात्र निर्माल्य मातीस देताना मनात संकोच बाळगू नये. फूल जेथून आले, तेथेच ते सन्मानाने परत जात असते.