सद्गुरूंचं आसन आणि अर्ध्या भावातलं सागवान





गेल्या गुरुवारी आरतीनंतर जो विषय निघाला, तो ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहीत आहोत. थोडं लांब आहे, पण वाचा. घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

गुरुपौर्णिमेसाठी सद्गुरूंच्या तसबिरीला मोठं आसन करायचं ठरलंय. वर्गणी जमली. एक दादा म्हणाले, आताचा चौरंग जिथून घेतला तिथेच जाऊ, सागवान अर्ध्या भावात मिळतं. आम्हा सगळ्यांना ते आठवलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बिल नव्हतं, माल अंधार पडल्यावर टेम्पोतून आला होता, आणि आम्ही हात जोडून म्हणालो होतो, ही सद्गुरूंचीच कृपा!

तेवढ्यात खानवेलकडून येणाऱ्या आपल्या ताई, ज्या एरवी शेवटच्या रांगेत गप्प बसतात, त्या बोलल्या. "अर्ध्या भावात कसं मिळतं ते आमच्या पाड्यावर येऊन विचारा. माझ्या भाच्यानं रात्री खांद्यावरून एक ओंडका आणला. मजुरी मिळाली चारशे रुपये. पकडला गेला तो. ओंडका ज्याच्या घरी गेला, त्याला कुणी काही विचारलं नाही."

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांची नजर चौरंगाकडे गेली.

पतंजलींनी यमांमध्ये अहिंसा आणि सत्यानंतर लगेच अस्तेय सांगितलं आहे. आपण त्याचा अर्थ चोरी करू नये एवढाच घेतो आणि मोकळे होतो, कारण आपण काही कुणाच्या घरात शिरत नाही. पण वस्तू एवढी स्वस्त का, हे मुद्दाम न विचारणं म्हणजे काय? आम्ही विचारलं नव्हतं. उत्तर काय येईल ते आतून माहीत होतं म्हणूनच विचारलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल सांगितलंय. गलबतांना मोठं लाकूड लागायचंच. तरी सागवान परवानगीनेच तोडावं, कमी पडेल ते बाहेरच्या मुलखातून विकत आणावं, आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड असलं तरी मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं, जबरदस्ती नको. राज्य राखायला आरमार हवं होतं, तरी एवढा विचार केला. आपल्याला तर फक्त चौरंग हवा होता!

एका काकूंनी ज्ञानेश्वरीची आठवण काढली. बाराव्या अध्यायात माउली सांगतात की वृक्ष तोडणाऱ्यालाही तीच सावली देतो जी लावणाऱ्याला. खरंय. पण ते भक्ताचं लक्षण आहे, कुऱ्हाडीला दिलेला परवाना नव्हे.

आपल्या दादरा-नगर हवेलीची सुमारे ४० टक्के जमीन वनाची आहे. साग, ऐन, खैर ही इथलीच झाडं. जंगलातला चांगला जाड साग व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या वयाएवढी. म्हणून घरात पलंग, कपाट, देव्हारा काही घ्यायचं असेल (लग्नसराईत तर हमखास निघतं), तर दुकानात दोन गोष्टी विचारा. पक्कं बिल देणार का? लाकूड आलं कुठून? वन विभागाच्या लिलावातलं असेल तर त्याचे कागद असतात, वाहतुकीचा पास असतो, ओंडक्यावर हातोड्याची खूण असते. व्यापारी आढेवेढे न घेता दाखवतो. "ताई, तुम्ही कशाला काळजी करता" असं म्हणाला तर चपला घाला आणि निघा.

सागच हवा असाही हट्ट नको. जुन्या घरांच्या तुळया आणि दारं निघतात, तो साग तर मुरलेला असतो. रबरवूड हे नाव ऐकून काहींना हसू आलं, पण ते खरंच लाकूड आहे. केरळात रबराच्या झाडाचा चीक पंचवीस-तीस वर्षांनी कमी होतो, मग तशीही झाडं काढावीच लागतात. फक्त आपल्या पावसात ओल आलेल्या भिंतीला लावून ठेवू नका. आंब्याचं लाकूडही चालतं, पण कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेलंच घ्या. बाहेरच्या देशातलं असेल तर एफएससीची खूण आहे का बघा.

राहिला जुना चौरंग. काहींचं म्हणणं, काढून टाका. पण काढून टाकल्यानं झाड परत उभं राहत नाही. तो राहील, त्यावर आता पोथ्या ठेवू. तेव्हा वाचलेले पैसे मात्र आपले नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ते रोपांसाठी द्यावेत असं ठरत होतं. ताई म्हणाल्या, रोपं लावूच, पण आधी पोराच्या केसचा खर्च आहे. यावर दोन मतं पडली आहेत. पुढच्या गुरुवारी सहा वाजता आरतीआधी बसून ठरवू, म्हणून सर्वांनी वेळेवर यावं. नरोलीला एका साधकांचं जुनं घर उतरवायचं आहे, त्यांच्या तुळया आसनासाठी मिळतील. सुतारदादा रविवारी माप घ्यायला येतील, त्यांच्या चहाची सेवा कोण घेणार ते ग्रुपवर कळवा.

जय गुरुदेव 🙏