हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

आपल्या पूर्वजांनी काही म्हणी इतक्या नेमक्या करून ठेवल्या आहेत की, त्यांच्यापुढे अर्थशास्त्रावरील मोठमोठे ग्रंथही बोलघेवडे वाटावेत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ही त्यांतलीच एक. दात्याच्या मुखावर पुण्याचे तेज, आणि खर्च मात्र दुसऱ्याचा! नगरपालिकेच्या सभागृहात महागाई व घरटंचाई यांवर वादविवाद सुरू झाला म्हणजे ही म्हण आम्हांस हटकून आठवते. एक सभासद उठून म्हणतो, घरपट्टी माफ करा. दुसरा म्हणतो, गाळ्यांची भाडी वाढवू नका. तिसरा म्हणतो, सफाई कामगारांचे वेतन वाढवा. तिन्ही मागण्या कनवाळूपणाच्या आहेत, आणि तिन्हींचा खर्च बोलणाऱ्याच्या खिशातून जावयाचा नाही. तेव्हा परक्याच्या पैशाने केलेल्या दयेस दया म्हणावे काय, आणि ती करण्याचा अधिकार सभासदास कोठून येतो?

कोणी म्हणेल की, असा अधिकार मुळी नाहीच. ज्यास दया येईल त्याने पदरचे द्यावे, पालिकेने दिवाबत्ती आणि गटारे पाहावीत. हे उत्तर आम्हांस पटत नाही. शहरातील जागेची किंमत काही केवळ मालकाच्या घामाने वाढत नसते. समोरून आगगाडी जाते, नळास पाणी येते, शेजारी गिरणी उभी राहते आणि परगावची सहस्रावधी माणसे पोट भरण्यास येतात, म्हणून ती वाढते. म्हणजे हलवायाच्या भिंतीत काही विटा गावाच्याही आहेत. त्या भिंतीवर गावाचा मुळीच हक्क नाही असे म्हणता येणार नाही. परंतु हक्क आहे एवढ्यावरून तो वाटेल तसा बजावावा असे ठरत नाही, आणि खरी अडचण येथेच सुरू होते.

ही अडचण लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर या गरीब विभागाच्या नगरसभेपुढे १९२१ साली उभी राहिली होती. त्या काळी निराश्रित व बेकार यांच्या पोषणाचा बहुतेक भार ज्या त्या विभागातील करदात्यांवर पडे. परिणाम असा की, जेथे गोदीमजूर आणि बेकार अधिक तेथे पट्टी अधिक, आणि जेथे धनिकांचे वाडे तेथे ती कमी. पौंडामागे एक पेनी पट्टी बसविली असता वेस्टमिन्स्टरमध्ये जे उत्पन्न होई, ते पॉप्लरच्या आठपटींहून अधिक असे. म्हणजे गरिबांनीच गरिबांस पोसावे, अशी ही व्यवस्था होती. शिवाय सबंध लंडनच्या मंडळांस द्यावयाचा वाटा निराळाच. जॉर्ज लान्सबरी आणि त्यांचे सहकारी यांनी तो वाटा वसूल करण्याचेच नाकारले. न्यायालयाने आज्ञा केली. ती त्यांनी मानली नाही. आणि तीस सभासद तुरुंगात गेले. त्यांत काही स्त्रियाही होत्या. पुरुषांच्या तुरुंगात नगरसभेच्या बैठका भरत, आणि स्त्री सभासदांस त्याकरिता दुसऱ्या तुरुंगातून आणण्यात येई. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची सुटका झाली, आणि त्याच वर्षी निराश्रितांच्या खर्चाचा मोठा भाग सर्व लंडनने मिळून सोसावा असा कायदा झाला.

आता बारकाईने पाहिले तर हेही हलवायाच्या घरावरचे तुळशीपत्रच होते. घर तेवढे वेस्टमिन्स्टरचे. मग त्या कृत्याविषयी आमच्या मनात आदर का उत्पन्न व्हावा? ते सफल झाले म्हणून नव्हे. हलवाई कोण, हे त्यांनी उघड सांगितले, त्याने किती द्यावे हे सांगितले, आणि सांगण्याची किंमत स्वतःच्या देहाने भरली. लान्सबरी यांची स्नुषा मिनी याही तुरुंगात गेलेल्या सभासदांपैकी एक. सुटकेनंतर थोड्याच महिन्यांत, १९२२ च्या आरंभी, त्या वारल्या.

परंतु याच नगरसभेने दुसरा एक निर्णय केला होता. आपल्या कनिष्ठ नोकरांस, स्त्री असो वा पुरुष, आठवड्यास किमान चार पौंड वेतन तिने ठरविले. पुढे बाजारभाव उतरले तरी आकडा उतरविला नाही. हिशेबतपासनिसाने जादा खर्च नामंजूर करून तो सभासदांच्या अंगावर घातला. वाद लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला, आणि १९२५ साली निकाल सभासदांच्या विरुद्ध लागला. ज्याच्या हाती परक्याचा पैसा आहे तो विश्वस्त होय, असे न्यायाधीशांचे म्हणणे होते. स्त्रीपुरुषांस समान वेतन देणे हा त्या न्यायमूर्तींना लहरीपणा वाटला, यात त्यांची अदूरदृष्टीच दिसते. तरी विश्वस्तपणाचा मुद्दा सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

इतका लांबचा दाखला आधी घेण्याचे कारण हे की, घरचा दाखला देताना आमची जीभ अडखळते. आमचे बालपण गिरगावातील एका चाळीत, दोन खोल्यांत गेले. १९८५ सालीदेखील महिन्याच्या भाड्यात घरमालकांस एक बरी धोतरजोडी आली नसती. भाडे नेण्यास ते स्वतः येत. मेहताजी ठेवणे त्यांस परवडेनासे झाले होते. सज्जाखाली लाकडी टेकू लागले होते, आणि दुरुस्तीचा विषय निघाला की ते काही न बोलता पावती फाडून हाती देत. ते कंजूष आहेत असे आमच्या घरी सर्वांचे ठाम मत होते.

मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम आले ते पहिल्या महायुद्धात, १९१८ साली. पुढे १९४७ चा कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच बहुतेक जुन्या जागांचे प्रमाणभूत भाडे ठरले. कायदा करणारे काही मूर्ख नव्हते. युद्धाने बांधकाम थांबलेले, फाळणीने निर्वासितांचे लोंढे आलेले. त्या वेळी भाडी मोकळी सोडली असती तर किती कुटुंबे रस्त्यावर आली असती याचा अंदाज करवत नाही. कायदा मुदतीचा होता. पण दर वेळी मुदत वाढविण्यात आली, कारण भाडेकरूंची मते पुष्कळ आणि मालकांची थोडी. शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतकी वर्षे गोठविलेली ही भाडी आता अन्याय्य झाली आहेत. आणि मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षास चार टक्के वाढ मान्य केली.

या दयेचा हिशेब कोणी भरला? प्रथम घरमालकाने, हे खरे. तथापि त्याच्याविषयी फार गहिवरण्याचेही कारण नाही, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांनी पागडीच्या रूपाने रोख रक्कम पावतीवाचून घेतली. मग भरला तो इमारतीने. भाड्यातून डागडुजी निघेना, तेव्हा घरे कोसळू लागली. १९६९ साली दुरुस्तीकरिता उपकर बसवून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. त्याच्या कक्षेत सुमारे एकोणीस हजार इमारती आल्या. नंतर महानगरपालिकेने भरला. कायदा केला प्रांतिक विधिमंडळाने, पण घरपट्टी मात्र भाड्याच्या उत्पन्नावर आकारली जाई, आणि भाडे गोठले तेथे पट्टीही गोठली. २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत येईपर्यंत ही गाठ सुटली नाही. आणि सर्वांत अधिक भरला तो त्या मनुष्याने, जो १९४० साली मुंबईत नव्हता. त्यास भाड्याची खोली मिळेना, कारण भाड्याने देण्यासाठी बांधण्याचे धाडस कोणी करीना. तो झोपडीत गेला. सभागृहात त्याच्या बाजूने कोणी बोलले नाही, कारण तो अद्याप कोणाचाच मतदार नव्हता.

आणि लाभ कोणास? गरिबास होता, पण गरीब म्हणून नव्हे. ज्याच्या नावे जुनी पावती त्यास. मोठ्या बँका आणि कंपन्याही १९९९ च्या कायद्याने वगळल्या जाईपर्यंत याच छत्राखाली सुखाने बसल्या होत्या. आमच्या दोन खोल्यांत दोन पगार येऊ लागले होते, तरी भाडे तेच होते, आणि ते वाढवून द्यावे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. आम्ही ते सोसणाऱ्यास कंजूष म्हणत राहिलो. भूतदयेचा पैसा ज्याच्याकडून येतो त्याचा तिरस्कार करण्याची सवय लागावी, हा या प्रकारच्या दयेचा सर्वांत वाईट परिणाम आम्हांस वाटतो. दारिद्र्य तरी दिसते, ही सवय दिसत नाही.

जानेवारी २०२२ पासून मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस मालमत्ता कर माफ झाला. परळच्या जुन्या खोलीतील निवृत्त कामगारास याचा दिलासा मिळाला असेल, आणि तो मिळाला याचा आम्हांस आनंदच आहे. पण मोजमाप चौरस फुटांचे, ऐपतीचे नव्हे. तेव्हा मलबार हिलवरील तेवढ्याच जागेसही तीच सूट. जे उत्पन्न गेले त्याऐवजी कोणी किती भरावे, हे त्या घोषणेच्या वेळी आमच्या कानी ठळकपणे आले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये महानगरपालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ सभागृह लोकनियुक्त सभासदांवाचून राहिले. अंदाजपत्रके प्रशासकाने मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. तुळशीपत्र ठेवणारा नाही आणि हलवाईही विचारात नाही, अशी ती स्थिती होती. तिच्यापेक्षा पॉप्लरचा तुरुंगातला सभाकक्ष बरा म्हणावयाचा.

घरमालकांची गोष्ट सांगावयाची राहिली. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने ती चाळ एका बांधकाम करणाऱ्यास दिली. जुन्या पावतीच्या जोरावर आम्हांस तेथेच नवी जागा मालकीने मिळाली, तीही उद्वाहकासह. कागदांवर सह्या करण्याच्या दिवशी तो मुलगा समोरच बसला होता, आणि त्याने आम्हांस विचारले, तुमचे शेवटचे भाडे किती होते हो? आकडा सांगताना वडिलांचा आवाज इतका खाली गेला की, त्यास तो दुसऱ्यांदा विचारावा लागला.