भीती असेपर्यंतची मुक्ती

इ.स.पू. ५८८च्या सुमारास यरुशलेमला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेचा वेढा पडला. यहूदाचा राजा सिद्कीया याला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानेच गादीवर बसवले होते. त्याच्याविरुद्ध बंड करून तो आता तटाच्या आत कोंडला गेला होता. या कोंडीत त्याने शहरातल्या मालकांना एकत्र करून ठरवून घेतले, की प्रत्येकाने आपले हिब्रू दास आणि दासी मोकळे करावेत. मंदिरात देवासमोर करार झाला. वासरू कापून त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवले गेले आणि सरदार, दरबारी, याजक, जमीनवाले त्यांच्यामधून चालत गेले. शब्द मोडला तर आपलीही हीच गत होवो, असा त्या विधीचा अर्थ होता. दास सुटले.

मग मिसरची (इजिप्तची) फौज निघाल्याची बातमी आली. बाबेलच्या सैन्याने वेढा उठवला आणि मालकांनी सोडलेली माणसे पुन्हा धरून आणली.

हिब्रू बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, मुख्यतः ३४व्या अध्यायात ही हकिगत आहे. दास का सोडले, हे तिथे सांगितलेले नाही. अभ्यासकांचे तर्क व्यवहाराला धरून आहेत. शेते तटाबाहेर राहिली, तेव्हा दासांना काम उरले नाही, खाणारी तोंडे मात्र उरली. शिवाय तटावर लढायला माणसे हवी होती. वेढा उठला, शेते हाती आली आणि राबणाऱ्या हातांची गरज पुन्हा भासू लागली.

याच अध्यायात जाता जाता म्हटले आहे, की यहूदाच्या तटबंदीच्या शहरांपैकी लाखीश आणि अजेका ही दोनच आता उरली होती. १९३५ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जे. एल. स्टार्की यांच्या उत्खननात लाखीशच्या वेशीपाशी शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. त्यातल्या एकीवर चौकीवरचा माणूस वरिष्ठाला कळवतो, की आम्ही लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळावर नजर ठेवून आहोत, अजेकाचा दिसत नाही. दासांचा तिथे उल्लेख नाही, पण तो करार कोणत्या धास्तीत झाला असेल याचा अंदाज त्या खापरीवरून येतो.

यिर्मयाने मालकांना सुनावलेला निकाल कडवट आहे. तुम्ही भावंडांना मोकळे केले नाही, म्हणून देव आता तुम्हाला मोकळे करतो आहे, पण तलवारीच्या, रोगराईच्या आणि दुष्काळाच्या हवाली. वासराच्या दोन भागांमधून जे चालले, त्यांची प्रेते पाखरे आणि श्वापदे खातील. हे सांगण्याआधी तो मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेची आठवण करून देतो. मिसरचा राजा फारो याचे नाव तो घेत नाही, पण मालकांची चाल हुबेहूब फारोची आहे. निर्गमाच्या कथेत देवाने धाडलेल्या अरिष्टात बेडकांनी घरे भरली तेव्हा फारो इस्राएलांना सोडायला कबूल झाला, बेडूक मेले तसा फिरला. थोरला मुलगा गेल्यावर त्याने इस्राएलांना जाऊ दिले आणि लगोलग रथ जुंपले, कारण राबणारे हात गेल्याचे त्याच्या ध्यानात आले. निर्गमाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या समाजातले धनिक त्या कथेतल्या खलनायकाच्या जागी येऊन उभे राहिले होते.

म्हणून हिब्रू बायबलच्या ग्रंथांतल्या दैवी शिक्षेकडे केवळ परक्या जुलमी राजाचा सूड म्हणून पाहता येत नाही. तोच दंड घरच्यांवरही उगारलेला आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथातल्या शापांच्या लांबलचक यादीचा शेवट तर असा, की तुम्हाला जहाजांतून मिसरला परत नेले जाईल, तिथे तुम्ही स्वतःला दास म्हणून विकायला काढाल आणि विकत घ्यायला कुणी पुढे येणार नाही.

तरीही हे ग्रंथ गुलामगिरी मोडायला निघाले होते, असे म्हणणे खरे नाही. ‘निर्गम’मधला कायदा हिब्रू दासाला सहा वर्षांनी सोडायला सांगतो, पण मालकाच्या मारानंतर दास एक-दोन दिवस जगला तर मालकाला दंड नाही, कारण दास त्याचे धन आहे. ‘लेवीय’ परदेशी दासांना वारसाहक्काने मुलांकडे सोपवण्याची मुभा देतो. दुसरीकडे, पळून आलेल्या दासाला मालकाकडे परत पाठवू नका, असे ‘अनुवाद’ बजावतो. बाबेलचा प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यात अशा दासाला घरात लपवणाऱ्यासाठी देहदंड होता.

शिक्षेच्या न्यायातही एक मोठी अडचण आहे. मिसरवरच्या शेवटच्या अरिष्टात सिंहासनावर बसणाऱ्या फारोच्या थोरल्या मुलाबरोबर जात्यामागे बसलेल्या दासीचा थोरला मुलगाही मरतो. तिने कुणाला दास केले होते? यरुशलेममध्ये वेढा परत पडला तेव्हाही दुष्काळाने मालक आणि दास असा भेद केला नसणार. परंपरेला ही बोच जाणवलेली दिसते. तालमूद या यहुदी ग्रंथातल्या एका कथेत मिसरी सैन्य बुडत असताना देवदूत स्तोत्र गाऊ पाहतात आणि देव त्यांना थांबवतो. बुडणारेही त्याच्याच हातची निर्मिती आहेत. या सुटकेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या वल्हांडण सणाच्या रात्री अरिष्टांची नावे घेताना अनेक यहुदी घरांत पेल्यातला द्राक्षारस थेंबाथेंबाने कमी करतात, शत्रूच्या दुःखाने आपला आनंद उणा झाला म्हणून, असे त्याचे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. त्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजासाठी मराठी अनुवादासह १८४६मध्ये मुंबईत आणि १८७४मध्ये पुण्यात छापली गेली.

निर्गमाच्या कथेची धार गुलामगिरीच्या जगालाही कळली होती. १८०७मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक उतारे छापले गेले. त्यात योसेफ गुलाम म्हणून विकला जातो ते ठेवले आणि मोशे इस्राएलांना मिसरमधून बाहेर काढतो ते वगळले.

शिक्षेने दास सुटतात का, याचे उत्तर हे ग्रंथ स्वतःच देतात, आणि ते शिक्षेच्या बाजूने नाही. फारो सुधारला नाही, यरुशलेमचे मालकही नाहीत. धाकाने मिळालेली सुटका धाक ओसरेपर्यंतच टिकली. ‘अनुवाद’मधला कायदा सुटणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातले, खळ्यातले आणि द्राक्षकुंडातले काही द्या म्हणतो, तो याच कारणाने महत्त्वाचा. ज्याच्याकडे पेरायला आणि खायला काही नाही, त्याला कर्जापायी त्याच दाराशी परत यावे लागते. सिद्कीयाच्या करारात असे काही दिल्याचा उल्लेख नाही.

इ.स.पू. ५८७ किंवा ५८६मध्ये शहर पडले. सिद्कीयाची मुले त्याच्या डोळ्यांदेखत मारली गेली, मग त्याचे डोळे फोडून त्याला बेड्या घालून बाबेलला नेले. त्याच वेळी बाबेलचा सेनानी नबूजरदानाने, ज्यांच्याकडे काहीच नव्हते अशा गरिबांना यहूदात राहू दिले आणि त्यांना द्राक्षमळे आणि शेते दिली. त्यांत पुन्हा धरून आणलेले दासही असतील. सुमारे १४० वर्षांनी त्याच यरुशलेमात सुभेदार नहेम्यासमोर लोकांचा आक्रोश उभा राहिला, की कर्जापायी आम्हाला पोटची मुले दास्यात द्यावी लागताहेत. नहेम्यानेही सावकारांकडून शपथ घेतली आणि झग्याचा ओचा झटकून, शब्द मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको, असे म्हटले. पण त्याआधी त्याने शेते, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे, घरे आणि घेतलेले व्याज त्याच दिवशी परत करायला सांगितले होते.