चाळकेवाडीच्या सरड्याचा रंग

एप्रिल-मे महिन्यांत ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलं, की तापलेल्या दगडांवर जागोजागी सरडे उभे दिसतात. त्यांतला नर मान ताठ करतो आणि गळ्याखालची कातडी पंखा उलगडावा तशी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी-तांबडा असे तीन रंग त्या कातडीवर असतात. मादी मातकट असते, तिला हा पंखा नाही.

या एवढ्याशा प्राण्याचा कुळवृत्तान्त थेट डार्विनपर्यंत पोचतो. 1871 साली 'द डिसेंट ऑफ मॅन' हे पुस्तक लिहिताना भारतातल्या अशाच तीन रंगांच्या सरड्याचं उदाहरण त्याने घेतलं. ग्युंथरच्या 1864 सालच्या ग्रंथातलं त्याचं चित्रही छापलं. डार्विनपुढची अडचण खरी होती. जगायला उपयोगी पडेल ते टिकतं, असं तो सांगत आला होता. मग उघड्या माळावर ससाण्याला आपला ठावठिकाणा सांगणारा हा भडकपणा टिकला कसा? त्याचं उत्तर असं, की जगण्याइतकंच जोडीदार मिळवणंही महत्त्वाचं, आणि माद्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या नराला घडवत जाते.

हे उत्तर त्या काळी पुष्कळांना रुचलं नाही. उत्क्रांतीच्या शोधातला त्याचा भागीदार वॉलेससुद्धा मादीची निवड मानायला तयार नव्हता. 1930 साली फिशरने त्या कल्पनेला गणिताच्या बाजूने बळ दिलं. 1975 साली झाहावीने म्हटलं, की असं लोढणं गळ्यात घेऊनही जो नर जगतो तो खरोखरच दणकट असतो, आणि मादी नेमकं तेच ओळखते. 1980 साली जॉन एंडलरने त्रिनिदादच्या गप्पी माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. शिकारी मासे नसलेल्या पाण्यात काही पिढ्यांतच नरांच्या अंगावर रंगीत ठिपके वाढले. मादी रंग वाढवते, शिकारी त्याला आवर घालतो, अशी दोन्ही बाजूंची ओढाताण त्यामुळे स्पष्ट दिसली. पुढे पाठ्यपुस्तकांत तीच रुजली.

चाळकेवाडीचा सरडा मात्र शास्त्राच्या दप्तरात दीर्घकाळ निनावी राहिला. कुव्हिएने 1829 साली दिलेल्या एकाच वंशनामाखाली भारतातले असे सगळे सरडे कोंबलेले होते. 2016 मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती गुंतागुंत सोडवली. तीन रंगांच्या मोठ्या पंख्याचे सरडे त्यांनी वेगळे काढले आणि नव्या वंशाला 'सरडा' हेच आपलं नाव दिलं. त्यातली एक जात डार्विनच्या नावाची आहे. चाळकेवाडीची जात म्हणजे सरडा सुपर्बा.

दोनच वर्षांनी, 2018 मध्ये, भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकेर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासोबत याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मला तो या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. पठाराच्या काही भागात पवनचक्क्या उभ्या राहून तेव्हा दीड-दोन दशकं झाली होती, आणि शेजारचा भाग तसाच मोकळा होता. एकच माती, एकच पाऊस, फरक फक्त फिरत्या पात्यांचा. पवनचक्क्यांच्या भागात कापशी घारीसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. सरड्यांची दाटी वाढली होती. माणूस पुष्कळ जवळ गेला तरी ते पळत नव्हते. ताणाच्या वेळी रक्तात वाढणारं संप्रेरकही त्यांच्यात कमी होतं.

आता एंडलरचे मासे आठवून अंदाज बांधायचा, तर शत्रू गेल्यावर गळ्याचा पंखा अधिक झळाळायला हवा होता. प्रत्यक्षात तो फिका पडला होता. सरडेही तब्येतीने खालावलेले होते. शिकारी गेला, तसे सरडे वाढले. सरडे वाढले, तशी किड्यांसाठीची चढाओढ वाढली. आणि भुकेल्या अंगाला रंग परवडेना, असा याचा अर्थ लागतो. घार सरड्याला नुसती खात नव्हती. मागे उरणाऱ्यांचं पोट भरायची सोयही ती नकळत करत होती.

इथे घाईने उत्क्रांती झाली असं म्हणू नये. रंग अंड्यातूनच फिका येतो, की वाढीच्या वयात अन्न कमी पडल्याने फिका होतो, हे वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही भागांतली पिल्लं एकाच अन्नावर वाढवून पाहिली तरच त्यांचा निवाडा होईल. पण डार्विनपासून ज्या रंगाकडे नर आणि मादी यांच्यातला व्यवहार म्हणून पाहिलं गेलं, त्यात घार, किडा, दगड आणि आपण उभारलेला खांब हे सगळेच भागीदार आहेत, हे साताऱ्याच्या एका पठाराने दाखवून दिलं. एवढी मोलाची भर आपल्या पठारांवरून या विचारात पडली, याचा मला अभिमान वाटतो.

पवनचक्क्यांना माझा विरोध नाही. कोळशापेक्षा वारा शतपटीने बरा. पण साताऱ्याचं वनकुसवडे असो की सांगलीचं ढालगाव, या माळांकडे आपण 'पडीक' म्हणूनच पाहत आलो. 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत, त्यामुळे ते उभारण्याआधी असा अभ्यास सक्तीचा नसतो. आता जुनी यंत्रं काढून त्यांच्या जागी मोठी बसवण्याचे दिवस आले आहेत. ती बसवण्याआधी दोन्ही जिल्ह्यांतल्या पठारांवरच्या शिकारी पक्ष्यांची आणि सरड्यांची मोजणी करावी, आणि प्रत्येक पठाराचा काही सलग भाग पात्यांविना मोकळा ठेवावा, एवढी विनंती परवानगी देणाऱ्यांना आणि आपापल्या ग्रामसभेत बसणाऱ्या वाचकांना आहे.